झाउटमोंडेला गेलेली पोच

मंगळवार, १३ ऑक्टोबर १९६४. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वेस्टरझाईल नगरपालिकेचा शिपाई बाउके याने कालव्यावरच्या सतरा नंबरच्या घराची घंटा वाजवली आणि निवृत्त नोंदणी अधिकारी गेर्लोफ विअर्समा याच्या हातात एक जाड पाकीट ठेवलं. मग काखेतली वही काढून उघडी धरली.

"सही करा, साहेब. तारीख, वेळ, सगळं घाला. नाहीतर उद्या मलाच बोल लावाल."

"मी कसला बोल लावतोय. दोन वर्षं झाली मला घरी बसून."

"ऑफिसात अजून ऐकू येतो तुमचा आवाज. परवा नव्या बाईंनी खोडरबर काढलं, तर तीन जण एकदम ओरडले."

गेर्लोफने पेन घेतलं. रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द छापलेला होता: पोच. चाळीस वर्षं नोकरीत काढलेल्या माणसाला हा शब्द दिसतही नाही, दाराच्या कडीसारखा तो नुसता हाताला लागतो. पण आज पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. "थंडी बाधली काय?" बाउकेने विचारलं. गेर्लोफने सही केली, तारीख घातली, घड्याळ पाहून वेळ घातली. मग दार लावलं.

पाकिटात महापौरांचं पत्र होतं आणि त्यासोबत मानपत्राचा टंकलिखित मजकूर. शुक्रवारी, तेवीस तारखेला, दुपारी तीन वाजता सभागृहात गेर्लोफ विअर्समा यांचा सत्कार. हैफाहून सीन्त्ये द्रुकर खास येणार आहेत. मूळ विनंती त्यांचीच. मजकूर तपासावा आणि बरोबर असल्याची सही करून शनिवारी दुपारी बारापर्यंत परत करावा, म्हणजे छापायला देता येईल. मजकुराचे तीन परिच्छेद होते. पहिल्यात त्याचा जन्म, शिक्षण आणि नोकरीचा काळ. दुसऱ्यात असं की, जर्मन ताब्याच्या वर्षांत या अधिकाऱ्याने आपल्याच टेबलावर बासष्ट ज्यू माणसांची नवी कार्डं आणि ओळखपत्रं तयार केली, आणि एकाही नोंदीत चूक होऊ दिली नाही. तिसऱ्यात असं की, या बासष्टांपैकी फक्त एक, सीन्त्येची आई रिबेका द्रुकर, शेजारच्या एका बाईच्या फितुरीमुळे पकडली गेली आणि परत आली नाही.

हिस्काने कॉफी आणली, डब्यातून दोन बिस्किटं काढली आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. मग चष्मा लावून मजकूर मोठ्याने वाचला. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याची स्तुती मोठ्याने वाचायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच येत होती. "एकाही नोंदीत चूक होऊ दिली नाही," तिने पुन्हा वाचलं. "हे बरोबर तुझंच वर्णन. साखरेच्या डब्यावरसुद्धा तारीख घालणारा माणूस."

"तिसरा परिच्छेद वाच."

"वाचला की. हे सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी म्हणजे? अख्ख्या गावाने. टामिंगाचं नाव घातलं नाही हे महापौरांचे उपकारच म्हणायचे." टामिंगा हे नाव उच्चारताना हिस्काचे ओठ किंचित आत ओढले जात. गावातल्या सगळ्यांचेच जात. गेर्लोफने कॉफी ढवळली, साखर घातलेली नसतानाही.

नोंदणी कार्यालयातलं त्याचं टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी होतं. खिडकीतून चौक दिसे आणि चौकापलीकडे टामिंगाबाईंचं दोरे-बटणांचं दुकान. हिरवं दार, दाराच्या काचेवर एक पाटी, एका बाजूला 'उघडे', दुसऱ्या बाजूला 'बंद'. पंचेचाळीसपासून बासष्टपर्यंत, म्हणजे निवृत्त होईपर्यंत, रोज सकाळी पावणेनऊला बाई पाटी उलटताना त्याने पाहिलं होतं, आणि दिवसभरात त्या दारातून आत जाणारी माणसं, मनाशी मोजायची नाही असं ठरवूनही, मोजली होती. बाहेरगावचे, चुकून आलेले, किंवा नवे बदलून आलेले शिक्षक. गावातल्या बायका एका बटणासाठी बस पकडून शेजारच्या गावी जात. हिस्काही जात असे. एकदाच, एक्कावन्न साली, आई वारली तेव्हा, कोटाच्या बाहीवर काळी पट्टी शिवायला घरात काळा दोरा नव्हता आणि गेर्लोफ चौक ओलांडून त्या दुकानात गेला होता. बाईंनी दोरा काउंटरवर ठेवला आणि शांतपणे विचारलं होतं, "चुकून आलात का, विअर्समा?" तो हो म्हणाला होता. का म्हणाला, ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. पण हो म्हणाला होता, आणि बाईंनी मान हलवली होती, एखादी अपेक्षित नोंद बरोबर निघावी तशी.

कार्डाचा नियम साधा आहे. या देशात प्रत्येक माणसाचं एक कार्ड असतं, आणि ते तो राहतो त्या गावच्या कपाटात उभं असतं. माणूस गाव बदलतो तेव्हा कार्ड त्याच्या मागोमाग नव्या गावी जातं. नवं गाव कार्ड मिळाल्याची पोच जुन्या गावाला पाठवतं, आणि मग जुनं गाव आपल्या यादीत त्या माणसासमोर रेघ मारतं. बस, इतकंच. गेर्लोफने तरुणपणी या व्यवस्थेवर मनापासून प्रेम केलं होतं. त्यात कुणी हरवू शकत नव्हतं. पुढे जर्मन आले आणि कपाटं तीच राहिली, कार्डंही तीच. फक्त काही कार्डांवर ज्यू असल्याचं एक काळं अक्षर चढलं, आणि कुणी हरवू शकत नाही या गोष्टीचा अर्थ एका आठवड्यात त्याच्यासमोर उघडा पडला. त्याने फारसा विचार केला नव्हता. लोक पुढे विचारत, भीती नाही वाटली का, देवाचा धावा केला का. असं काही नव्हतं. कपाटात खोटं कार्ड खऱ्यासारखं उभं राहायला हवं, एवढंच काम होतं, आणि ते काम त्याला येत होतं. झाउटमोंडे हे दक्षिणेचं बंदर चाळीस सालच्या मे महिन्यात बॉम्बखाली जळालं. तिथली नगरपालिका कपाटांसकट गेली. म्हणून त्याने तयार केलेली माणसं झाउटमोंडेहून येत. जळालेल्या गावाला कोण विचारणार?

रिबेका द्रुकर अठरा फेब्रुवारी त्रेचाळीसला, गुरुवारी, मागच्या खोलीत आली होती. शिवणकाम करणारी बाई. उजव्या हाताची तर्जनी शाईत बुडवून ओळखपत्रावर टेकवायची होती, तेव्हा त्याने पाहिलं, बोटाचं टोक सुईने इतकं टोचलेलं होतं की ठसा कसा उमटेल याची त्याला काळजी वाटली. चांगला उमटला. तिने नवं नाव वाचलं, आद्रियाना मीउस, विधवा, आणि मग जन्मसाल.

"तुम्ही मला चार वर्षांनी मोठं केलंत."

"कागद जमायला तेवढं लागत होतं, बाई."

"बाईचं वय वाढवणारा पहिलाच सरकारी माणूस पाहिला. बाकीचे निदान विचारतात." ती हसली होती. मग पुढे झुकून हळूच म्हणाली होती, "चौकात दोऱ्याचं दुकान आहे, तिथे गेलं तर चालेल ना? दोन शर्ट अर्धेच राहिलेत. हात रिकामा राहिला की मी वेडी होते." आणि तो म्हणाला होता, चालेल, नेहमीसारखं वागा, नेहमीसारखं वागणं हीच सगळ्यात चांगली लपायची जागा. तिच्यासोबत आठ वर्षांची सीन्त्ये होती. तिला कार्डांच्या कपाटाचे खण उघडायची आणि बंद करायची गंमत वाटत होती. "किती माणसं आहेत यात?" तिने विचारलं. त्याने खरा आकडा सांगितला.

त्या दिवशी त्याला ताप होता. ही गोष्ट तो स्वतःपाशी बोलायची टाळतो, कारण ती सबबीसारखी ऐकू येते. दोन दिवसांनी डॉक्टरांनी फुप्फुसाच्या आवरणाला सूज आहे म्हणून त्याला अंथरुणात घातलं. पण त्या गुरुवारी तो टेबलाशी होता, ताठ बसून, बरगडीत कळ येत असताना. त्याने कार्ड लिहिलं, दोन वेगळ्या शायांनी, जुन्या नोंदी जुन्या वाटाव्यात म्हणून. कडा चहाच्या पाण्याने जरा पिवळ्या केल्या. झाउटमोंडेचा शिक्का मारला, जो त्याने स्वतः रबराचा कोरला होता. मग कार्ड कपाटात लावलं. आणि मग त्याच्या हाताने, वीस वर्षांची सवय असलेल्या उजव्या हाताने, पोचेचं छापील कार्ड ओढलं, 'आद्रियाना मीउस यांचे कार्ड मिळाले' असं लिहिलं, वर 'झाउटमोंडे नगरपालिका' असा पत्ता घातला आणि जावक ट्रेमध्ये टाकलं. आधीच्या सगळ्या खोट्या कार्डांच्या वेळी त्याने हात आवरला होता. या वेळी नाही. चार वाजता शिपायाने ट्रे रिकामा केला. गेर्लोफला काही आठवलं नाही, कारण आठवण्यासारखं काही झालंच नव्हतं. कार्ड मिळालं, पोच गेली, काम पूर्ण झालं.

जळालेल्या गावात एका शाळेच्या वर्गात दोन कारकून बसून हरवलेलं रजिस्टर पुन्हा लिहून काढत होते. ते आपल्या गावच्या माणसांना एकेक करून, जुन्या पत्रांवरून, चर्चच्या वह्यांवरून, शेजाऱ्यांच्या आठवणींवरून परत जमा करत होते. त्यांच्यापैकी एकाने पंचवीस फेब्रुवारीला सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: आपली पोच मिळाली. मात्र आम्ही असे कार्ड पाठवलेले नाही, आणि या नावाची व्यक्ती आमच्या स्मरणात वा कागदांत आढळत नाही. आमच्या रजिस्टरच्या फेरमांडणीस मदत म्हणून सदर कार्डाची नक्कल पाठवावी, ही विनंती. गेर्लोफला त्या कारकुनाचा कधी राग आला नाही. त्या जागी तो असता तर त्याने हेच पत्र लिहिलं असतं, कदाचित दोन दिवस आधी.

पत्रावर आवक शिक्का एक मार्चचा. तेव्हा गेर्लोफ अंथरुणात होता, आणि टपाल त्याचे वरिष्ठ सिकेमा उघडत. सिकेमा जर्मनांचे नव्हते आणि विरोधकांचेही नव्हते. ते कार्यालयाचे होते. नऊ मार्चला, मंगळवारी, दोन पोलीस रिबेकाच्या खोलीवर आले. सीन्त्ये दूध आणायला गावाबाहेरच्या शेतावर गेली होती; शेतकऱ्याने तिला परत पाठवलंच नाही, दोन वर्षं. पंधरा तारखेला गेर्लोफ कामावर आला, आणि झाउटमोंडेच्या फायलीत, तारखेप्रमाणे जिथे असायला हवं तिथे, त्याला ते पत्र सापडलं. वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीची एक लहान खूण. सिकेमांची. या खुणेचा अर्थ 'पाहिले'. पाहून पोलिसांना कळवलं, की पाहून ठेवून दिलं, हे खुणेत नव्हतं. सिकेमांना विचारता आलं असतं. सहा महिने ते समोरच्या टेबलावर बसत होते, जेवणाच्या सुट्टीत सफरचंद सोलत होते. पण प्रश्न विचारणाऱ्याला प्रश्न का पडला हे सांगावं लागलं असतं, आणि कपाटात तेव्हा आणखी चाळीस कार्डं झाउटमोंडेहून आलेली उभी होती. त्या सप्टेंबरात सिकेमा हृदयविकाराने गेले. गेर्लोफवर कुणालाही संशय आला नाही. त्याच्याकडून चूक होणं शक्य नव्हतं. खोटं कार्ड अर्थातच बाहेरून कुणीतरी घुसवलेलं असणार.

त्याने पत्र फायलीतून काढून घरी आणलं. इथवरचं सगळं युद्धाच्या हिशेबात बसत होतं. बसत नव्हतं ते पुढचं. पंचेचाळीसच्या मे महिन्यात लोकांनी टामिंगाबाईंना दुकानातून ओढून चौकात आणलं. रिबेका पकडली जाण्याच्या आदल्या दिवशी बाईंच्या दारात एक पोलीस त्यांच्याशी बोलत उभा असलेला तीन जणांनी पाहिला होता. आणि रिबेका तिच्याकडे दोरा घ्यायला जायची, हेही सगळ्यांना माहीत होतं. खुर्चीवर बसवून त्यांनी तिचे केस कापले. पाच महिने ती छावणीत होती. चौकशी समितीपुढे ती म्हणाली, पोलिसाच्या कोटाचं बटण तुटलं होतं. समितीने गेर्लोफलाही साक्षीला बोलावलं, कारण कार्डाचं त्यालाच कळत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "श्रीमती द्रुकर यांचा पत्ता लागण्याचं दुसरं काही कारण आपल्याला संभवतं का?" त्या वेळी युद्ध संपलेलं होतं. कपाटातली कार्डं आता कुणाला मारणार नव्हती. खोलीत ऊन होतं, बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. तो म्हणाला, "मला माहीत नाही." वाक्य खरं होतं. त्याने पुढे एकोणीस वर्षं ते वाक्य तपासलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं. पुरावा नाही म्हणून बाईंना सोडण्यात आलं. आणि पुरावा नाही म्हणून सोडलेलं माणूस कसं राहतं, ते तो खिडकीतून बघत राहिला. एकोणपन्नास साली सीन्त्येच्या पालकत्वाच्या कागदांत तिच्या आईच्या मृत्युदाखल्याची नक्कल आली: सोबिबोर, २६ मार्च १९४३. तीही त्यानेच फायलीला लावली.

बुधवारी दुपारी, जेवणानंतर बायबलचा रोजचा अध्याय वाचून झाल्यावर, हिस्का ताटं उचलायला उठली तेव्हा त्याने ते पत्र टेबलावर ठेवलं. तिने उभ्यानेच वाचलं. मग बसली. मग पुन्हा वाचलं.

"हे आपल्या घरात होतं?"

"माझ्या जन्मदाखल्याच्या पाकिटात."

"एकवीस वर्षं." तिने पत्राची घडी घातली, परत उघडली. "आणि मी त्या बाईच्या दारावरून जाताना रस्ता बदलत होते. तू बघत होतास मला रस्ता बदलताना."

हिस्काने टेबलावरचा पावाचा चुरा तळहातात गोळा केला, आणि मग जेव्हा बोलली तेव्हा तिचा आवाज घर आवरतानाचा होता. "कुणाला माहीत आहे?"

"तुला."

"मग सही कर आणि पाठवून दे. गेर्लोफ, ती मुलगी इतक्या लांबून तुझे हात हातात घ्यायला येतेय. दर नव्या वर्षाला 'गेर्लोफकाका' म्हणून पत्र लिहिते. तिच्याकडे आईचं काय उरलंय? बोटाचा एक ठसा आणि तू. त्यातला तू काढून घेणार?"

"कागदावर चुकीचं लिहिलंय."

"कागद! टामिंगाने चुगली केली नाही, असं या पत्रात कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग?"

"केली, असंही नाही लिहिलेलं."

"तुला स्वतःला हलकं व्हायचंय," हिस्का म्हणाली. "सांगून तू हलका होशील, आणि ते ओझं ती बोटीतून हैफाला घेऊन जाईल." ती ताटं घेऊन आत गेली. नळाचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला. गेर्लोफला वाटलं, ती म्हणते ते बरोबर असू शकेल. गुरुवारभर तो ते वाक्य घेऊन कालव्याच्या कडेने फिरला. हलकं व्हायचंय का? त्याने आपल्या आत पाहिलं, जसं एखाद्या खणात बोटं घालून मागे पडलेलं कार्ड शोधावं. सापडलं ते वेगळंच, आणि ते त्याला आवडलं नाही. त्याला सलत होता तो दुसरा परिच्छेद. 'एकाही नोंदीत चूक होऊ दिली नाही.' गेली एकवीस वर्षं ज्याला तो रिबेकाचं दुःख समजत होता त्यात एक मोठा भाग या गोष्टीचा होता की विअर्समाने चूक केली आणि ती कुणाला कळू नये. एका बाईचे केस, एका बाईचं दुकान, त्याने आपल्या अचूकपणाच्या बाजूला ठेवून पाहिलं होतं आणि अचूकपणा उचलला होता. तो पुलावर थांबला. खालून एक बटाट्यांची होडी गेली. होडीवाल्याने टोपी उचलून त्याला नमस्कार केला. गावात सगळेच करतात.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तो चौक ओलांडून हिरव्या दारातून आत गेला. टामिंगाबाई आता अडुसष्ट वर्षांच्या होत्या. डोक्याला रुमाल, पंचेचाळीसपासून तो त्यांनी काढलेला कुणी पाहिला नव्हता.

"या वेळीही चुकून का?"

"नाही."

"मग दार लावा, हवा आत येते."

त्याने पत्र काउंटरवर ठेवलं. बाई म्हणाल्या, "तुम्हीच वाचा. माझा चष्मा बारीक कामाचा आहे." त्याने वाचलं, आवक शिक्क्याच्या तारखेसकट, शिसपेन्सिलीच्या खुणेसकट. मग ट्रे, सिकेमा, सगळं सांगितलं, फक्त ताप सोडून. बाई ऐकताना रंगीत रिळं एका खोक्यातून दुसऱ्यात लावत होत्या. एकदाच त्यांचा हात थांबला.

"म्हणजे हे तुम्हाला मार्च त्रेचाळीसला मिळालं."

"हो."

"आणि पंचेचाळीसच्या मे महिन्यात तुम्ही कुठे होतात?"

"खिडकीत."

"माहीत आहे. मी पाहिलं होतं तुम्हाला. त्यांनी माझं डोकं मागे धरलं होतं ना, त्यामुळे वरच दिसत होतं." त्यांनी निळं रीळ निळ्यांत ठेवलं. "मला वाटलं होतं, हा माणूस एकटाच वर राहिला, खाली आला नाही, म्हणजे याला तरी दया येत असेल. खूप वर्षं मला त्याचं बरं वाटायचं. गंमत आहे ना?"

तो उभा होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि बाईंना ते दिसत होतं.

"विचारा ना. त्या पोलिसाशी मी काय बोलले, तेच विचारायचंय ना?"

"नाही विचारत."

"का? उत्तर आलं तर नोंदवावं लागेल म्हणून?" त्या पहिल्यांदा हसल्या, आणि ते हसू बघायला कठीण होतं. "ती माझ्याकडे सहा वेळा आली. शेवटच्या वेळी पांढरा दोरा, चाळीस नंबर. उरलेला नंतर घेते म्हणाली. मी बाजूला काढून ठेवला होता. जा आता, विअर्समा. आणि जे करायचं ते मला सांगून करू नका. तुमच्या कागदांवर माझी सही नकोय."

शनिवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर मानपत्राचा मजकूर घेऊन बसला. रजिस्टरमध्ये चुकीची नोंद खोडून टाकायची नसते. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता यायला हवं. समासात बरोबर काय ते लिहायचं, आणि शेजारी आपली आद्याक्षरं. त्याने पट्टी घेतली. दुसऱ्या परिच्छेदातल्या 'एकाही नोंदीत चूक होऊ दिली नाही' यावर रेघ मारली आणि समासात लिहिलं: एक चूक झाली, १८ फेब्रुवारी १९४३, पत्र सोबत. तिसऱ्या परिच्छेदातल्या 'शेजारच्या एका बाईच्या फितुरीमुळे' यावर रेघ मारली आणि लिहिलं: कारण अज्ञात. मे १९४५ मध्ये ही माहिती माझ्यापाशी होती. मी ती समितीला दिली नाही. दोन्ही ठिकाणी आद्याक्षरं घातली. मग झाउटमोंडेचं पत्र एका वेगळ्या पाकिटात घालून बंद केलं आणि वर सीन्त्ये द्रुकरचं नाव लिहिलं. हिस्का दारात उभी होती. निघताना तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्याने दोन्ही पाकिटं बाउकेच्या टेबलावर ठेवली. "हे दुसरं तिच्या हातात द्यायचं. कार्यक्रमाच्या आधी. आणि पोच घ्यायची," तो म्हणाला.

सोमवारी महापौरांच्या सचिवाचा फोन आला. "विअर्समासाहेब, हे काय करून ठेवलंत? पत्रकार येणार आहेत. बँड सांगितलाय."

"मजकूर तपासायला तुम्हीच सांगितलं होतं."

"तपासायला म्हणजे... लोक स्वल्पविराम बघतात हो!" बराच वेळ दुसऱ्या टोकाला कुजबुज झाली. शेवटी ठरलं ते असं: तिसरा परिच्छेद गाळायचा, दुसऱ्यातलं ते वाक्य गाळायचं, समासातलं काहीच छापायचं नाही. सत्कार होईल. आणि पाकीट? पाकीट खासगी आहे, त्याबद्दल नगरपालिकेला काही म्हणायचं नाही.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर. सीन्त्ये अकरा वाजून पाच मिनिटांच्या गाडीने आली. अडीच वाजता गेर्लोफ आणि हिस्का सभागृहात आले तेव्हा बाउके जिन्यात वाट पाहत उभा होता. त्याने वही उघडून दाखवली. पोचेच्या रकान्यात सही होती, 'सीन्त्ये द्रुकर', पुढे तारीख, वेळ अकरा चाळीस. अक्षर सरळ होतं.

"काही म्हणाली?"

"खुर्ची मागितली. मग बराच वेळ तुमच्या जुन्या खोलीत बसली होती. कार्डांच्या कपाटाचे खण उघडत होती नि बंद करत होती. मग विचारलं, दोऱ्याचं दुकान अजून आहे का."

सभागृह जुन्या नोंदणी कार्यालयाच्या बरोबर वर आहे, आणि त्याची खिडकीही उत्तरेलाच. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी करड्या कोटातली एक बाई, हातात पाकीट, चौक ओलांडून हिरव्या दारातून आत गेलेली सभागृहातल्या दहा-बारा जणांनी पाहिली. दोन सदतीसला आतून एका हाताने पाटी उलटली: बंद. तीन वाजता बँड तयार होता. तीन वाजून पाच मिनिटांनी महापौरांनी घड्याळ पाहिलं आणि पाहुण्यांना कॉफी द्यायला सांगितली. हिस्काने नवऱ्याचा हात धरला होता. तो थंड होता आणि तिने सोडला नाही. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. सचिव खिडकीपाशी येऊन विचारून गेला, कुणाला पाठवू का, आणि गेर्लोफ नको म्हणाला.

तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत पाटी उलटली नव्हती.